हरण्याचे पैसे

टेनिसच्या व्यावसायिक स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही पैसे मिळतात. एवढी साधी गोष्ट, पण माझ्या वडिलांना ती पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. तुम्ही म्हणाल, यात पटवायचं काय? नियम छापलेला असतो, दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. अहो, दाखवला! पण माझे बाबा कबड्डी खेळलेले. आमच्याकडच्या कबड्डीत जिंकणाऱ्या संघाला बक्षीस, दुसऱ्या नंबरला जरा कमी, आणि पहिल्याच सामन्यात गारद झालेल्यांना चहा-वडापाव, तोही उरला तर. हरून पैसे घेऊन घरी येणं त्यांच्या जगात एकाच प्रकारे होऊ शकत होतं, आणि त्या प्रकाराचं नावसुद्धा आमच्या घरात कुणी काढत नसे.

कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाताना मध्ये आमचं गाव लागतं. भाताची थोडी शेती आणि बाबा खोपोलीला एका कारखान्यात कामाला. पण गावात त्यांना कामगार म्हणून कुणी ओळखायचं नाही. चढाईला गेला की हात लावूनच परत येणारा गडी, अशी त्यांची ओळख. माझ्या जन्माआधीच त्यांचे गुडघे गेले होते. आई म्हणायची, "गुडघे मैदानाला दिले आणि कुरकूर तेवढी माझ्यासाठी ठेवली." बाबा यावर हसायचे. तेव्हा ते फार हसायचे.

कारखान्याच्या कॉलनीत साहेबलोकांसाठी सिमेंटचं एक टेनिस कोर्ट होतं. एक निवृत्त साहेब तिथे हौसेने मुलांना शिकवत. त्यांना सगळे सर म्हणत. कॉलनीच्या गणपतीला बाबा मला घेऊन गेले होते, आणि मी त्या कोर्टाच्या कुंपणाच्या जाळीला जी चिकटले ती काही केल्या निघेना. बाबांनी मला ओढलं नाही. ते सरळ आत गेले. "साहेब, आमच्या पोरीला घ्याल का? तुमच्या खेळातलं मला काय कळत नाय. पन पाय चांगले हायत तिचे."

सरांनी घेतलं. मग काय, रोज सकाळी पहिल्या पाळीच्या आधी बाबांच्या मोटारसायकलवर मागे मी, पाठीला सरांनी दिलेली जुनी रॅकेट. खोपोलीच्या शिळफाट्याला थांबून बाबांना चहा आणि मला दूध. खेळाचे नियम त्यांनी माझ्याकडूनच शिकून घेतले, आणि शिकताना मला छळलं. "पंधरा, तीस, मग चाळीस? पंचेचाळीस का नाय गं? मधले पाच कुटं गेले? दुकानदारानं असं मोजलं तर लोक धरून मारतील त्याला." पण एकदा समजल्यावर ते कोर्टाच्या पायरीवर बसून फक्त माझ्या पायांकडे बघायचे. हाताकडे बघायला तुझे सर आहेत, म्हणायचे. चेंडूकडे धावताना मी टाच टेकवली की पायरीवरून ओरडा यायचा. सर सांगायचे त्यातलं निम्मं मी विसरले असेन, बाबांची ती टाच अजून विसरलेले नाही.

माझ्या आखूड स्कर्टवरून गावात कुजबुज झाली. एकदा एका लग्नाच्या मांडवात भावकीतल्या एका काकांनी बाबांना टोमणा मारला, की पोरगी आता वयात आली, पाय झाकायला सांग. बाबा जेवत होते. हातातला घास ताटात ठेवून ते म्हणाले, "मी अख्ख्या तालुक्यात चड्डीवर खेळलो, तवा कुटं गेली होती तुमची लाज?" माझं डोकं पटकन तापतं, फटकन बोलून जाते, असं लोक म्हणतात. ते आलंय कुठून, हे ज्यांनी ती पंगत पाहिली त्यांना सांगावं लागत नाही.

अशी वर्षं गेली. शाळेतल्या स्पर्धा झाल्या, जिल्ह्याच्या झाल्या, राज्याच्या झाल्या, आणि एका पावसाळ्यात मी पहिल्यांदा एका खऱ्या व्यावसायिक स्पर्धेला गेले. दक्षिणेतलं लांबचं शहर. बाहेर पाऊस, म्हणून सगळे सामने मोठ्या बंद हॉलमध्ये. बाबांना यायचं होतं, पण भाताची लावणी चालू होती आणि रजा शिल्लक नव्हती. सर तोवर फार थकले होते. मी एकटीच गेले.

छपराखाली मी त्याआधी कधी खेळले नव्हते. आमच्या खोपोलीच्या कोर्टावर घाटातून सतत वारा यायचा. सर्व्हिससाठी चेंडू वर उडवताना मी तो नकळत थोडा बाजूला उडवायचे आणि वारा त्याला ढकलून जागेवर आणायचा. इतक्या वर्षांची सवय, मला स्वतःलाही ठाऊक नव्हती. हॉलमध्ये वाराच नाही! चेंडू उडवला तिथेच लटकलेला, आणि माझी रॅकेट भलतीकडे. पात्रता फेऱ्या मी धावून धावून कशाबशा काढल्या. मुख्य फेरीत आले तेव्हा त्या परक्या शहरात आनंद सांगायला कुणी नव्हतं, म्हणून हॉलबाहेरच्या चहावाल्याला सांगितलं. त्याला ना माझी भाषा कळत होती ना टेनिस. तरी त्याने चहात साखर जास्त घातली.

मुख्य फेरीतली पहिली मॅच एका परदेशी मुलीशी. मी झुंजले, खोटं कशाला सांगू, चांगली झुंजले. पण शेवटच्या गुणाला माझी पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरीही जाळीत. संपलं. समोरच्या मुलीला काही करावंच लागलं नाही.

बाबांना फोन केला. हरले म्हटलं. ते म्हणाले, "बरं." मग त्यांचा नेहमीचा प्रश्न, "शेवटचा गुन कसा गेला?"

"दोन्ही सर्व्हिस जाळीत मारल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"व्हतं असं कवा कवा. ये घरी."

मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. तोंड धुऊन बाहेर येते तर स्पर्धेच्या ऑफिसातल्या बाईंनी हाक मारली, तुमचे पैसे राहिलेत. मुख्य फेरीत पोचणाऱ्या प्रत्येकीला काही ना काही मिळतं, हे सरांनी सांगितलं होतं. तिथवर पोचणं हीच एक कमाई, आणि खेळाडूने पुढच्या गावी जायचं तरी कशाच्या जोरावर, असा त्यामागचा विचार. पण हातात येईपर्यंत मला ते खरं वाटत नव्हतं. टॅक्स कापून एका पांढऱ्या पाकिटात रोख पैसे मिळाले. राहणं, खाणं, तिकीट वजा केलं तर त्यात फारसं काही उरत नव्हतं. पण रॅकेट हातात घेऊन मिळवलेले ते माझे पहिले पैसे होते हो! परतीच्या गाडीत मी पाकिटावर डोकं ठेवून झोपले.

घरी पोचले. अंघोळ केली, ओल्या केसांनीच देवाजवळ गेले आणि पाकीट बाबांच्या हातात दिलं. "देवापुढे तुम्ही ठेवा," म्हटलं. त्यांनी उघडून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हरलीस ना तू?"

"हो."

"मग ह्ये?"

मी सांगितलं. पहिल्या फेरीचे असतात, सगळ्यांना मिळतात.

"हरनाऱ्याला कोन पैशे देतो गं? कशाला देईल?"

आई मध्ये पडली, "तिकडची पद्धत असेल, तुम्हाला काय ठाऊक?" बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाकीट देवापुढे न ठेवता त्यांनी जमिनीवर ठेवलं, माझ्या आणि त्यांच्या मध्ये. मग अगदी हळू विचारलं, "दोन्ही जाळीत कशा गेल्या?"

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. "बाबा, मी मॅच विकली असं म्हणताय तुम्ही?"

ते काही बोलले नाहीत. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, ओरडले असते तरी चाललं असतं. ते उठून ओटीवर जाऊन बसले.

आता त्या माणसाबद्दल सांगायला हवं, ज्याचं नाव आमच्या घरात निघत नसे. बाबांच्या संघात त्यांचा एक जिवलग दोस्त होता. दोघे एकत्र जेवायचे, एकत्र खेळायचे. एका मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या मिनिटात, सामना हातात असताना, हा गडी चढाईला गेला आणि कुणी हात न लावता स्वतःच मैदानाच्या रेषेबाहेर पडला. गाव हरलं. पाय घसरला म्हणाला. बाबांनी त्याची बाजू घेऊन अख्ख्या गावाशी भांडण काढलं. आणि काही दिवसांनी त्याच्याकडे पैसे सापडले. त्याने गावदेवीची शपथ घेतली, की हे मामाने दिलेत. मग मामाला विचारलं, तर त्याला पत्ताच नाही. तेव्हापासून तो कल्याणला निघून जाईपर्यंत बाबा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. समोरून आला तर रस्ता बदलायचे.

हे सगळं मला आईने त्या दिवशी चुलीपाशी बसून सांगितलं. मग मी काय काय नाही केलं! मोबाइलवर स्पर्धेचा तक्ता काढून दाखवला, कुठल्या फेरीला किती. बाबा म्हणाले, फोनवर काय पन दिसतं. सरांना फोन लावून दिला. सरांनी अर्धा तास समजावलं, बाबा "व्हय साहेब, व्हय साहेब" करत राहिले आणि फोन ठेवून म्हणाले, "साहेब चांगला मानूस. तुला वाचवनारच ना." मी गावदेवीपुढे शपथ घेते म्हटलं. तेव्हा मात्र ते कळवळून ओरडले, "नको! शपथ त्यानं पन घेतली होती."

त्यांनी मला टाकलं नाही. दोस्ताला टाकलं, पण लेकीला टाकवलं नाही त्यांना. उलट गावात सांगितलं, पोरगी हरली, रिकाम्या हातानं आली, पन लई चांगली खेळली. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी दारोदार खोटं बोलत फिरत होता, आणि मी दात-ओठ खात घरात बसले होते. कशापासून वाचवताय मला? मी केलंय काय? पण सांगणार कुणाला! ते पाकीट पुढच्या स्पर्धेच्या तिकिटात गेलं. बाबांनी पायरीवर यायचं सोडलं. पाळी बदलून घेतली, म्हणाले वरच्यांनी बदलली. मी एसटीने खोपोलीला जायला लागले, आणि टाच टेकवल्यावर ओरडणारं कोणी राहिलं नाही.

अजून काही वर्षं खेळले. कधी पहिल्या फेरीत हरले, कधी दुसऱ्या. प्रत्येक वेळी पैसे मिळाले आणि प्रत्येक वेळी मी ते घरात लपवले. बघा, काहीही न करता चोरासारखी लपवत होते! शेवटचा गुण कसा गेला, हे बाबांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मग खांदा गेला, आणि मी नेरळच्या एका मोठ्या सोसायटीत मुलांना टेनिस शिकवायला लागले. मुंबईहून राहायला आलेली माणसं, मुलांसाठी हौसेने कोर्ट बांधलेलं. काम बरं होतं. घरी आले की बाबा आणि मी टीव्हीसमोर बसायचो आणि फक्त बातम्यांवर बोलायचो.

मग त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं. पनवेलला ऑपरेशन ठरलं. जायच्या सकाळी आई पिशव्या भरत होती, गाडी यायची होती, आणि बाबांनी मला ओटीवर जवळ बसवून घेतलं.

"एक सांगू का गं? मला काय झालं-बिलं तर ह्ये मनात घेऊन जायचं नाय मला. तू लहान होतीस, एकटी होतीस, कोनीतरी गळ घातली असंल. मी काय बोलनार नाय. फकस्त एकदा व्हय म्हन. मी माफ करून टाकतो आनि मोकळा व्हतो."

काय सांगू, त्या क्षणी मला किती राग आला! मग मी त्यांचे हात पाहिले. चढाईत वाघ असलेला माणूस, आणि दोन्ही हातांनी माझं मनगट घट्ट धरून बसला होता. उद्या छाती उघडणार होते त्यांची.

"हो बाबा," मी म्हटलं. "चुकले."

त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं आणि लहान मुलासारखे रडले. "झालं गं, संपलं," म्हणत राहिले. आई पिशवी हातात घेऊन दारात उभी होती. तिला सगळं कळलं, ती आत निघून गेली.

ऑपरेशन चांगलं झालं, आणि बाबा मला परत मिळाले. हे मी मनापासून सांगते, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. ते माझ्यासोबत नेरळला यायला लागले. कोर्टाच्या कडेला खुर्चीवर बसायचे आणि सोसायटीतल्या पोरांच्या टाचांवर ओरडायचे. पोरं त्यांना आजोबा म्हणायची, पोरांच्या आया त्यांना घरून पोहे आणून द्यायच्या. कुणी विचारलं तर छाती फुगवून सांगायचे, "आमची पोरगी मोठ्या हालमधी खेळलीय." खोट्याची किंमत एवढीच असेल तर मी ती हसत देते, असं वाटायचं मला. कधीकधी रात्री झोप लागायची नाही, तेवढंच.

माझ्या हाताखालची एक मुलगी पुढे चांगली निघाली. गेल्या वर्षी तीही तिच्या पहिल्या व्यावसायिक स्पर्धेला गेली, मुख्य फेरीत पोचली आणि पहिल्याच मॅचला हरली. परत आल्यावर संध्याकाळी तिचे वडील कोर्टावर पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. सगळ्यांना पेढे वाटत सांगत होते, "पहिली कमाई आमच्या बाईसाहेबांची! हरली, पण पहिल्या फेरीचे पैसे खात्यावर जमा झाले." आया टाळ्या वाजवत होत्या. मुलगी लाजून हसत होती. ते बाबांपाशी आले, वाकून पेढा दिला, म्हणाले, "आजोबा, तुमच्या लेकीमुळे हा दिवस दिसला."

बाबांनी पेढा घेतला. हातातच धरून ठेवला. "हरली, तरी पैशे दिले?" त्यांनी विचारलं.

"देतात ना. सगळ्यांनाच देतात, पहिल्यापासूनच देतात. मॅडमना पण मिळाले असतील की!"

माझं तर धाबंच दणाणलं. चेंडू गोळा करायच्या निमित्ताने मी कोर्टाच्या पलीकडच्या टोकाला गेले, आणि सगळे जाईपर्यंत तिथेच घुटमळत राहिले. शेवटी परत आले तेव्हा बाबा तसेच बसले होते. पेढा मुठीत चुरडला गेला होता.

"मग तू व्हय का म्हनालीस गं?"

मी खाली बसले त्यांच्या पायाशी. "तुमचं ऑपरेशन होतं बाबा."

डोळे पुसायलासुद्धा हात उचलला नाही त्यांनी. मग म्हणाले, "मी तुला माफ केलं. ऐटीत केलं. आता मला कोन करनार?"

"मी केलं ना बाबा. कधीच केलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ह्ये पन त्या 'व्हय'सारखंच म्हनतेस ना?"